बॅटमॅन-रॉबिनच्या घरातल्या फुलदाण्यांवर संशय घेणारा डॉक्टर

एक गडगंज श्रीमंत माणूस आहे. लग्न केलेलं नाही. भल्यामोठ्या बंगल्यात राहतो. आईवडील गेलेल्या एका पोरक्या मुलाला त्याने सांभाळायला घेतलंय. घरात एक बटलर आहे, मोठमोठ्या फुलदाण्यांमध्ये फुलं आहेत आणि मालक कधीकधी ड्रेसिंग गाऊनमध्ये बसलेला दिसतो.

बॅटमॅन माहीत असलेल्या कुणालाही हे घर ओळखू येईल. ब्रूस वेन, त्याने सांभाळलेला डिक ग्रेसन म्हणजेच रॉबिन, आणि त्यांचा आल्फ्रेड.

१९५४ साली अमेरिकेतल्या एका नामवंत मानसोपचारतज्ज्ञाने याच घराकडे बोट दाखवलं. हे घर म्हणजे एकत्र राहणाऱ्या दोन समलैंगिक पुरुषांचं स्वप्न आहे, आणि अशा गोष्टी वाचून मुलांच्या मनात तशा कल्पना घट्ट होतात, असं त्याने पुस्तकात लिहिलं.

त्या डॉक्टरचं नाव फ्रेडरिक वर्टहॅम. कॉमिक्सच्या चाहत्यांसाठी हे नाव आजही व्हिलनचं आहे. पण या माणसाचं बाकीचं आयुष्य बघितलं तर त्यांना नुसतं व्हिलन म्हणता येत नाही. कारण काळ्या मुलांना गोऱ्या मुलांच्या शाळेत बसता यावं म्हणून कोर्टात उभा राहिलेला डॉक्टरही हाच होता.

जर्मनीतून बाल्टिमोर

वर्टहॅम यांचा जन्म २० मार्च १८९५ चा, जर्मनीतल्या एका ज्यू कुटुंबातला. मूळ आडनाव वर्टहायमर. डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी इंग्लंड आणि जर्मनीत घेतलं. १९२१ मध्ये वुर्झबुर्ग विद्यापीठातून पदवी मिळवली आणि म्युनिकमध्ये एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत काम केलं. मानसिक आजारांचं आधुनिक वर्गीकरण ज्यांनी सुरू केलं, तेच हे क्रेपेलिन.

१९२२ मध्ये वर्टहॅम अमेरिकेत आले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या फिप्स क्लिनिकमध्ये त्यांना काम मिळालं. तिथे त्यांचे वरिष्ठ होते अॅडॉल्फ मायर. माणसाचा आजार समजून घ्यायचा तर त्याचं घर, गरिबी, शेजारपाजार हे सगळं बघावं लागतं, असं मायर मानायचे. ही शिकवण वर्टहॅम यांनी आयुष्यभर सोडली नाही. १९२७ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. त्याच काळात त्यांनी फ्लोरेन्स हेस्केथ या कलाकार स्त्रीशी लग्न केलं.

पुढे ते न्यूयॉर्कला आले. तिथे त्यांचं काम होतं गुन्हेगारांची मानसिक तपासणी. १९३५ मध्ये अल्बर्ट फिश या लहान मुलांच्या खुन्याचा खटला गाजला. फिश वेडा आहे, त्याला फाशी देण्यात अर्थ नाही, अशी साक्ष वर्टहॅम यांनी दिली. ज्युरीने ती मानली नाही आणि १९३६ च्या जानेवारीत फिशला विजेच्या खुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला.

अशा प्रकरणांमुळे एक प्रश्न वर्टहॅम यांच्या डोक्यात पक्का बसला. माणसात हिंसा येते कुठून? ती जन्मजात असते हे त्यांना मान्य नव्हतं. समाज ती शिकवतो, असं त्यांचं मत होतं.

हार्लेमच्या तळघरातला दवाखाना

१९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लाखो काळे लोक राहत होते. पण मनाचा आजार झाला तर त्यांच्यासाठी जवळपास कुठेच जागा नव्हती. खाजगी डॉक्टर परवडत नव्हते आणि बऱ्याच ठिकाणी काळ्या रुग्णांना दारातूनच परत पाठवलं जायचं.

वर्टहॅम यांनी लेखक रिचर्ड राईट यांच्या साथीने यावर उपाय काढला. १९४६ मध्ये हार्लेममधल्या सेंट फिलिप्स चर्चच्या इमारतीच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. दवाखान्याला नाव दिलं पॉल लाफार्ग यांचं. लाफार्ग हे मिश्र वंशाचे डॉक्टर आणि कार्ल मार्क्सचे जावई.

फी होती फक्त २५ सेंट. डॉक्टर आणि मदतनीस पगार न घेता काम करायचे. काळे आणि गोरे डॉक्टर एकाच टेबलावर बसून रुग्ण तपासायचे, हे त्या काळच्या अमेरिकेत नेहमी दिसणारं दृश्य नव्हतं. हा दवाखाना १९५८ पर्यंत चालला.

याच दवाखान्यातून एक मोठी गोष्ट घडली. डेलावेअर राज्यात काळ्या मुलांना वेगळ्या शाळेत पाठवण्याविरुद्ध खटला सुरू होता. वर्टहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली काळी आणि गोरी मुलं तपासली, त्यांच्याशी गप्पा मारल्या, त्यांची चित्रं पाहिली. मग १९५१ मध्ये वर्टहॅम यांनी कोर्टात साक्ष दिली. शाळेची इमारत चांगली असो की वाईट, तुला वेगळं बसवलंय हे कळणंच मुलाच्या मनाला इजा करतं, असं त्यांच्या साक्षीचं सार होतं.

१९५२ मध्ये न्यायाधीशांनी काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश देण्याचा आदेश दिला. पुढे हाच खटला इतर चार खटल्यांसोबत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १७ मे १९५४ रोजी त्यावर लागलेला निकाल ब्राउन विरुद्ध शिक्षण मंडळ या नावाने ओळखला जातो. त्याने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला.

पण कॉमिक्सवर राग का?

लाफार्ग क्लिनिकमध्ये येणाऱ्या मुलांच्या हातात एक गोष्ट हमखास असायची, ती म्हणजे कॉमिक्स. त्या काळात अमेरिकेत दर महिन्याला कॉमिक्सच्या कोट्यवधी प्रती खपायच्या. त्यात सुपरहिरो होते तसेच खून, दरोडे, चिरफाड दाखवणारे क्राइम आणि हॉरर अंकही होते. दहा सेंटमध्ये कोणत्याही मुलाला ते मिळायचे.

वर्टहॅम यांना वाटलं, हिंसा कुठून शिकली जाते याचं उत्तर समोरच पडलंय. १९४८ पासून ते मासिकांमधून आणि भाषणांमधून कॉमिक्सच्या विरोधात बोलू लागले.

त्यांच्या काही तक्रारी खऱ्या होत्या, हे मान्य करावं लागेल. जंगलातल्या साहसकथांमध्ये काळे लोक कायम रानटी दाखवले जातात आणि गोरा माणूस कायम त्यांचा तारणहार असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. अशा गोष्टी मुलांना वंशद्वेष शिकवतात, असं त्यांनी लिहिलं. एखाद्या समाजाचं ठोकळेबाज चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं की काय होतं, हे या माणसाला नीट कळत होतं.

पण त्यांच्या पद्धतीत एक मोठी चूक होती. त्यांच्याकडे येणारी मुलं ही कोर्टाने, शाळेने किंवा काळजीत पडलेल्या पालकांनी पाठवलेली होती. ती कॉमिक्स वाचायची हे खरं. पण त्या काळात जवळजवळ सगळीच मुलं कॉमिक्स वाचायची. वाचूनही सरळ वागणाऱ्या मुलांशी त्यांनी कधी तुलनाच केली नाही.

संशयाची यादी

१९५४ च्या वसंतात वर्टहॅम यांचं पुस्तक आलं, सिडक्शन ऑफ द इनोसंट. त्यातल्या काही पानांवर बॅटमॅन आणि रॉबिन होते.

पुरावा काय होता? दोघं एकत्र राहतात. घर आलिशान आहे. फुलदाण्यांमध्ये फुलं आहेत. ब्रूस कधी ड्रेसिंग गाऊनमध्ये असतो. डिक त्याच्या शेजारी बसतो आणि तो जखमी झाला की काळजी करतो. दोघांच्या आयुष्यात चांगली, सभ्य बाई कुठेच नाही. वंडर वुमनचाही नंबर लागला. ती ताकदवान आहे, पुरुषावर अवलंबून नाही, बायकांच्या बेटावरून आली आहे, म्हणून ती या जोडीची स्त्रियांमधली आवृत्ती ठरली.

या यादीत प्रेम, आकर्षण किंवा शरीरसंबंधाचा एकही प्रसंग नाही. आहे ती फक्त लक्षणांची जंत्री. पुरुषाच्या घरात फुलं असली, तो नीटनेटका असला, त्याने दुसऱ्या पुरुषाची काळजी केली की तो गे. बाई कणखर असली की ती लेस्बियन. काळ्या माणसांच्या ठोकळेबाज चित्रावर टीका करणाऱ्या डॉक्टरने समलैंगिक माणसांचं तसंच ठोकळेबाज चित्र विज्ञान म्हणून छापलं होतं.

अर्थात, त्या काळात असं मानणारे ते एकटे नव्हते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५२ मध्ये काढलेल्या आजारांच्या यादीत समलैंगिकता होती. १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या आदेशानंतर समलैंगिक असल्याच्या कारणावरून केंद्र सरकारच्या नोकरीतून काढणं अधिकृत धोरण झालं. पुरुषांमधल्या संबंधांसाठी अटक होत होती. वर्टहॅम यांच्या नजरेत ही मुलं गुन्हेगार नव्हती, रुग्ण होती. त्या काळी तीच सहानुभूती समजली जायची.

ती मुलं खरं काय म्हणाली होती?

बॅटमॅनविषयीचा दावा करताना वर्टहॅम यांनी आपल्याकडे आलेल्या तरुणांचा दाखला दिला होता. न्यूयॉर्कमधल्या एका केंद्रात समलैंगिक तरुण समुपदेशनासाठी यायचे, त्यातल्या काहींना कोर्टाने पाठवलेलं असायचं. तिथल्या एका तरुणाने आपण स्वतःला रॉबिनच्या जागी कल्पायचो, असं सांगितल्याचं पुस्तकात आहे.

वर्टहॅम यांचे कागदपत्र अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये बरीच वर्षं बंद होते. २०१० मध्ये ते अभ्यासकांसाठी खुले झाले. इलिनॉय विद्यापीठातल्या प्राध्यापक कॅरल टिली यांनी मूळ नोंदी आणि छापलेलं पुस्तक शेजारी ठेवून ताडून पाहिलं. २०१२ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

त्यात दिसलं की पुस्तकातला तो एक तरुण प्रत्यक्षात दोन तरुण होते. ते एकमेकांचे जोडीदार होते. वर्टहॅम यांनी दोघांचं बोलणं एकत्र करून एकाच्या तोंडी घातलं होतं. इतकंच नाही, तर त्यांना बॅटमॅनपेक्षा टारझन आणि सब-मरिनर जास्त आवडायचे, हा भाग गाळून टाकला होता.

इतर मुलांच्या बाबतीतही असंच झालं होतं. घरातली मारहाण, टोळ्या, आजार अशी कारणं नोंदींमध्ये होती. पुस्तकात येईपर्यंत ती पुसट झाली आणि कॉमिक्स तेवढं ठळक झालं.

ते दोन तरुण महत्त्वाचे यासाठी आहेत की त्यांनी आपलं नातं लपवलं नव्हतं. आपल्याला कोणत्या गोष्टी आवडतात हे त्यांनी मोकळेपणाने डॉक्टरला सांगितलं. त्यांच्या देशात त्यांच्यासारख्यांची एकही उघड गोष्ट छापली जात नव्हती, तेव्हा जे मिळेल त्यात ते स्वतःला शोधत होते. डेलावेअरच्या मुलांचं बोलणं जसंच्या तसं कोर्टापर्यंत नेणारा डॉक्टर या दोघांचं बोलणं मात्र तसं पुढे नेऊ शकला नाही. कारण इथे उत्तर आधीच ठरलेलं होतं.

सुनावणी आणि तो शिक्का

२१ एप्रिल १९५४. न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीवरच्या उपसमितीपुढे वर्टहॅम साक्षीला बसले. त्याच दिवशी हॉरर कॉमिक्स काढणारे प्रकाशक विल्यम गेन्सही आले. कुऱ्हाड आणि बाईचं कापलेलं मुंडकं हातात घेतलेल्या माणसाचं मुखपृष्ठ दाखवून सिनेटर केफॉव्हर यांनी त्यांना विचारलं, की हे अभिरुचीला धरून आहे का? हॉरर अंकासाठी आहे, असं गेन्स म्हणाले. दुसऱ्या दिवशी पेपरात हेच गाजलं.

सरकार कायदा करेल या भीतीने प्रकाशकांनी स्वतःच एक संघटना काढली आणि ऑक्टोबर १९५४ मध्ये कॉमिक्स कोड लागू केला. हा कायदा नव्हता. पण मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंक उचलायचे नाहीत आणि स्टॉलवाले ठेवायचे नाहीत. म्हणजे शिक्का नाही तर धंदा नाही.

या कोडमध्ये लैंगिक विकृती आणि तिच्याकडे केलेला कोणताही इशारा यावर पूर्ण बंदी होती. हॉलिवूडच्या जुन्या सेन्सॉर नियमांमध्येही जवळजवळ असंच कलम होतं. त्या भाषेत समलैंगिकता म्हणजे विकृती. त्यामुळे चांगलं की वाईट हा प्रश्नच उरला नाही. गे पात्र दाखवायचंच नाही.

गंमत म्हणजे वर्टहॅम यांना हा कोड नकोच होता. त्यांना हवा होता कायदा, पंधरा वर्षांखालच्या मुलांना क्राइम कॉमिक्स विकण्यावर बंदी आणणारा. मोठ्यांनी काहीही वाचावं, त्याला त्यांची हरकत नव्हती. प्रकाशकांनीच प्रकाशकांवर लक्ष ठेवणं त्यांना धूळफेक वाटायची. पण त्यांनी उठवलेल्या वादळातून हाती आला तो हाच कोड.

बॅटमॅनला गर्लफ्रेंड हवी

१९५६ मध्ये बॅटमॅनच्या कथेत बॅटवुमन आली. कॅथी केन नावाची श्रीमंत बाई, बॅटमॅनवर भाळलेली, पर्समध्ये लिपस्टिक-पावडरच्या रूपात हत्यारं बाळगणारी. १९६१ मध्ये रॉबिनसाठी बॅट-गर्ल आली. १९६४ मध्ये तर आल्फ्रेडला मारून घरात हॅरिएट आत्या आणली. घरावरचा संशय घालवण्यासाठीच हे सगळं झालं, असं कॉमिक्सचे अनेक अभ्यासक मानतात.

गे पात्रं मात्र गायब राहिली, आणि जेव्हा आली तेव्हा साच्यातूनच आली. १९८० मध्ये मार्व्हलच्या हल्क मासिकात दोन गे पुरुष आले, ते ब्रूस बॅनरवर बलात्काराचा प्रयत्न करणारे म्हणून. मासिकाच्या आकारात असल्याने त्या अंकाला कोड लागू नव्हता. म्हणजे जिथे मोकळीक होती तिथेही गे माणूस गुन्हेगारच दिसला.

१९८८ मध्ये डीसीने एक्स्ट्रानो हा पेरूचा जादूगार आणला. भडक कपडे, नाटकी हावभाव, स्वतःला मावशी म्हणवणारा. नावाचा स्पॅनिशमधला अर्थच विचित्र. पुढे त्याला एचआयव्हीही झाला. मार्व्हलचा नॉर्थस्टार १९७९ मध्ये आला. तो गे आहे हे सुरुवातीपासून मनात होतं, असं त्याचे निर्माते जॉन बर्न यांनी नंतर सांगितलं, पण कथेत ते उघडपणे यायला १९९२ उजाडलं.

त्याआधी १९८९ मध्ये कोड बदलला होता. ते बंदीचं कलम गेलं आणि कुणाच्याही लैंगिक ओळखीचं चित्रण संवेदनशीलतेने करावं, असं नव्या कोडमध्ये आलं. १९५४ ते १९८९, म्हणजे पस्तीस वर्षं. या पस्तीस वर्षांत लेखकांना साध्या, चारचौघांसारख्या गे माणसाबद्दल लिहिण्याची सवयच लागली नाही. मग पेन उचलल्यावर हाताशी होता तो जुनाच साचा.

शेवटची वर्षं

वर्टहॅम थांबले नाहीत. १९६६ मध्ये हिंसेच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आलं. नाझी जर्मनीत मनोरुग्णांना मारण्यात त्यांच्याच क्षेत्रातल्या डॉक्टरांचा हात कसा होता, हे त्यांनी त्यात परखडपणे मांडलं.

१९७३ मध्ये त्यांनी कॉमिक्स आणि विज्ञानकथांचे चाहते स्वतः काढत असलेल्या हौशी मासिकांवर पुस्तक लिहिलं, तेही कौतुकाचं. त्यानंतर न्यूयॉर्कमधल्या कॉमिक्स संमेलनात त्यांना बोलावण्यात आलं. पण सभागृहातले लोक एकोणीस वर्षांपूर्वीचं काही विसरले नव्हते. त्यांना तिथे रागालाच तोंड द्यावं लागलं.

त्याच वर्षाच्या शेवटी अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही, असा निर्णय घेतला.

१८ नोव्हेंबर १९८१ रोजी पेनसिल्व्हेनियात, वयाच्या ८६ व्या वर्षी वर्टहॅम यांचं निधन झालं.

मार्व्हलने २००१ मध्ये कोड सोडला, डीसीने २०११ मध्ये. २००६ मध्ये डीसीने बॅटवुमनला नव्या रूपात परत आणलं. बॅटमॅनवरचा संशय झाकायला जिला जन्माला घातलं असं मानलं जातं, तीच बॅटवुमन आता केट केन या नावाने लेस्बियन होती. २०१२ मध्ये नॉर्थस्टारचं काइल या त्याच्या जोडीदाराशी लग्न लागलं. २०२१ मध्ये टिम ड्रेक या तिसऱ्या रॉबिनने आपल्या एका मित्रासोबत डेटला जायला होकार दिला.

टिम बुद्धिमान आहे, कामात बुडालेला असतो आणि बॅटमॅनची काळजी करतो. त्यातलं काहीही त्याच्या गे किंवा बायसेक्शुअल असण्याचा पुरावा म्हणून वापरलेलं नाही. त्याला मुलगा आवडला, त्याने हो म्हटलं. फुलदाणीची गरज पडली नाही.